वॉरंटी बावन्नपर्यंत

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक ४८ वर्षांचे आहेत. नोकरी बरी चालली आहे, घरी पत्नी आणि सतरा वर्षांची मुलगी. स्वतःच्या वयावर विनोद करण्यात मित्रमंडळीत त्यांचा हात कुणी धरत नाही. सुरुवात चष्म्यापासून झाली: "डोळे ठणठणीत आहेत हो, हातच आखूड पडायला लागलेत." मग केसांची पाळी आली ("गेले नाहीत, डोक्यावरून कानात बदली झाली"), मग पोटाची ("पँट आणि मी, दोघंही आता पट्ट्याच्या भरवशावर"). पुढे गुडघे, घोरणं, रात्री दोनदा उठणं, नावं विसरणं अशी यादी लांबत गेली. ऑफिसात नव्या कामासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा "तरुणांना द्या, आमच्या घराण्यात वॉरंटी बावन्नपर्यंतच असते" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले.

गेल्या महिन्यात पत्नीने (वय ४६) पाहुण्यांसमोर सांगितलं, की ती पोहायला शिकणार आहे. हे म्हणाले, "आता या वयात बुडायचंच तेवढं राहिलंय." पाहुणे हसले. ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "तुझ्या म्हातारपणात मला ओढू नकोस," आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी मुलीने हिशेब दिला: "बाबा, काल संध्याकाळपासून तू 'वय झालं' अकरा वेळा म्हणालास."

त्यांचा प्रश्न: "वयाला हसायचं नाही, तर मग काय रडत बसायचं? की आमच्या घरातली विनोदबुद्धीच आटली आहे?"

उत्तर:

नमस्कार.

आधी एक कबुली देतो. पट्ट्याचा विनोद मी परवाच एका बैठकीत माझा म्हणून खपवला. चांगला चालला. मी ५७ वर्षांचा आहे आणि या मालाला माझ्याकडेही गिऱ्हाईक असतं. तेव्हा मी तुम्हाला हसण्याबद्दल दोन शब्द सुनवीन अशी धास्ती असेल, तर ती काढून टाका. ज्याला स्वतःच्या कानातल्या केसांवर हसता येत नाही, त्याच्याशी प्रवासात शेजारी बसून गप्पा मारायची माझी तयारी नाही.

पण तुमच्या पत्रातल्या सगळ्या विनोदांना मी सारखा हसलो नाही. काहींना खदखदून हसलो. एकाला हसलो, मग पुन्हा मागे जाऊन वाचला आणि चष्मा काढून ठेवला. त्याच्याकडे येतोच.

चष्म्यावरून आठवलं. मराठीने वयांना नावं ठेवण्यात कसूर केलेली नाही. पंचविशीला गाढवाच्या दावणीला बांधलं, साठीची बुद्धी नाठी करून टाकली, त्याच्या पुढच्यांसाठी 'म्हातारचळ' हा शब्द तयार ठेवला. चाळिशीला मात्र शिवी मिळाली नाही, चष्मा मिळाला. वयाचंही नाव चाळिशी आणि नाकावरच्या वस्तूचंही चाळिशीच. इतर वयांवर आपल्या भाषेने टीका केली, या वयाच्या माणसाच्या हातात मात्र एक उपयोगी वस्तू ठेवली. तुम्ही त्या वस्तूवर विनोद करता, ठीक आहे. पण ती कशासाठी दिली आहे, हेही एकदा बघू या.

तुमचा 'हात आखूड पडतात' हा विनोद शास्त्राच्या कसोटीवर अगदी खरा उतरतो. डोळ्यातलं भिंग जन्मापासून हळूहळू ताठर होत जातं. दहा वर्षांचं पोर पुस्तक नाकाला चिकटवून वाचू शकतं. दर वर्षी ते जवळचं अंतर थोडं थोडं लांब सरकतं आणि पंचेचाळिशीच्या आसपास हाताच्या टप्प्याबाहेर जायला लागतं. ही घसरण चाळिसाव्या वाढदिवसाला सुरू झालेली नसते. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून ती चालू होती, फक्त हात पुरत होता म्हणून कळलं नाही. 'चाळिशीपर्यंत चढण, मग उतार' असं जे चित्र तुमच्या प्रत्येक विनोदामागे टांगलेलं दिसतं, ते डोळ्याच्या बाबतीत तरी खोटं आहे.

पोटाच्या बाबतीतही. तुम्ही लिहिलंय, "आता चयापचयच रिटायर झालं, माझा काय दोष?" दोष तुमचाच, असं म्हणायला मला फार बरं वाटतंय, कारण हीच सबब मीही पंधरा वर्षं वापरली. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतले ६,४०० हून अधिक लोक, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतचे. शरीराचा आकार आणि त्यातलं स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ तोच राहतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे ते रिटायर झालेलं नाही, रोज वेळेवर कामावर येतंय. कमी झालंय ते आपलं हलणं, आणि न वापरल्यामुळे स्नायू. बातमी वाईट आहे, कारण सबब गेली. बातमी चांगलीही आहे, कारण स्नायू पन्नाशीतच काय, त्यानंतरही कमावता येतात.

आणि 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द तुम्ही पत्रात तीन वेळा वापरलाय, जणू ते नोटिशीसारखं प्रत्येकाच्या दारात येतंच. हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ च्या एका लेखात रूढ केला. लेखाच्या नावातच 'मृत्यू' हा शब्द आधी होता. त्या वर्षी जॅक्स स्वतः ४८ वर्षांचे होते, नेमके तुमच्याएवढे. पुढे ते ८६ वर्षं जगले. नंतर अमेरिकेत जेव्हा लोकांना प्रत्यक्ष विचारलं गेलं, तेव्हा साधारण चौघांतला एकच जण म्हणाला, की हो, मला असं संकट आलं. त्यातल्याही बऱ्याच जणांचं कारण वय नव्हतं. कुणाची नोकरी गेली होती, कुणाचं लग्न मोडलं होतं, कुणाच्या घरी मृत्यू झाला होता.

मृत्यूचा विषय निघालाच आहे, तर आता त्या विनोदाकडे येतो.

"आमच्या घराण्यात वॉरंटी बावन्नपर्यंतच असते."

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात कानातल्या केसांना अकरा ओळी आहेत आणि वडिलांना एक. ते कशाने गेले, तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात, घरात काय झालं, यातलं काहीच नाही. फक्त आकडा आहे, आणि तोही विनोदाच्या पोटात दडवलेला. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण आकडेमोड येते. ५२ उणे ४८ म्हणजे चार. मला वाटतं तुमच्या पत्नीलाही आकडेमोड येते. पाहुण्यांना जो विनोद ऐकू येतो, त्यात तिला उलटी मोजणी ऐकू येत असावी. कदाचित मुलीलाही. सतरा वर्षांची मुलगी उगाच बसून बाबांचे शब्द मोजत नाही. ती अकरा म्हणाली तेव्हा तुम्हाला वाटलं ती टोमणा मारतेय. मला वाटलं ती पहारा देतेय.

घरात विनोदबुद्धी आटली आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की घरातल्यांना विनोद कळला. तुमच्या आधी कळला.

एक साधी कसोटी सांगतो. ती मी स्वतःवर वापरतो आणि तुमच्यासारख्या इतर पत्रलेखकांनाही उपयोगी पडावी. वयावरचा विनोद झाला, की त्याच्या शेपटाला 'म्हणून' जोडून बघायचं. 'केसांची कानात बदली झाली, म्हणून...' म्हणून काय? काही नाही. वाक्य तिथेच संपतं. हा विनोद निरुपद्रवी आहे, खुशाल करा, मलाही पाठवा. 'दम लागतो, वय झालं, म्हणून...' म्हणून मी जिना टाळतो. इथे विनोदाच्या पाठीमागून एक निर्णय गुपचूप घरात शिरला. 'वॉरंटी बावन्नपर्यंत, म्हणून...' म्हणून ते नवं काम तरुणांना द्या. हा तर मोठाच निर्णय, आणि हशाच्या गडबडीत तो कुणी तपासलाच नाही. तुम्हीसुद्धा. ते काम तुम्हाला खरंच नको होतं का? नको असेल तर छान, 'नको' म्हणण्याइतकं वय नक्कीच झालंय. पण नकार कामाला होता की बावन्नला, हे तेवढं स्वतःला विचारा.

आणि 'या वयात बुडायचंच राहिलंय, म्हणून...' इथे तर 'म्हणून'च्या पुढची जागा तुमची नव्हतीच. ती तिची होती. स्वतःवर विनोद करायचा परवाना माणसाला जन्मतः असतो, पण तो जोडीदाराच्या नावावर चालत नाही. ४६ हे बायकांसाठी फार गमतीचं वय असतंच असं नाही. पाळी जाण्याचा काळ साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान असतो, आणि त्याआधीची काही वर्षं झोप, मूड, शरीर सगळंच हेलकावे खात असू शकतं. तुमच्या घरी काय चाललंय हे मी कसं सांगणार? पण तुम्ही चार पानं लिहिलीत आणि त्यात तिच्या तब्येतीचा, तिच्या वयाचा एकही शब्द नाही, फक्त आकडा. तिचंही वय वाढतंय, फक्त ती त्याचे प्रयोग लावत नाही. आणि त्या वयात ती पाण्यात उतरायचं ठरवते! यापेक्षा चांगली बातमी तुमच्या घरात गेल्या वर्षभरात आली असेल, तर मला कळवा.

आता करायचं काय.

विनोद बंद करू नका. हा मोह तुम्हाला होईल, फुगून बसण्याचा. 'बरं, आता तोंडच उघडत नाही.' तसं करू नका, कारण ज्या घरातला विदूषक अचानक गप्प होतो त्या घराला जास्त भीती वाटते. शिवाय ते जमणार नाही, चौथ्या दिवशी तुम्ही तुमच्याच मौनावर विनोद कराल.

पत्नीकडे जा आणि त्या पोहण्याबद्दल माफी मागा, पण एक पथ्य पाळा: माफीत विनोद नको, आणि 'गंमत केली गं' तर अजिबात नको. 'गंमत केली' म्हणजे चूक तुझी, तू हसली नाहीस. साधं म्हणा, "ते चुकलं. तू शिकतेयस ते मला आवडलंय." तिथे थांबा. थांबणं तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. तुम्हाला लगेच वाटेल की आपणही तिच्याबरोबर पोहायला जावं, म्हणजे प्रायश्चित्त होईल. जाऊ नका. ती बोलावेपर्यंत तरी नाही. पाणी तिचं आहे. तुम्ही टॉवेल वाळत घाला.

त्यानंतर, त्याच आठवड्यात, डॉक्टरांकडे जा. तुमच्या यादीतल्या दोन विनोदांना मी हसलो नाही: घोरणं आणि रात्री दोनदा उठणं. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, म्हणजे आवाज थांबतो आणि मग दचकल्यासारखा पुन्हा सुरू होतो (हे पत्नीला विचारा, तुम्हाला कसं कळणार?), आणि दिवसा पेंग येत असेल, तर तो झोपेत श्वास थांबण्याचा विकार असू शकतो. त्याने रक्तदाबही वाढतो आणि त्याला चांगले उपचार आहेत. रात्री उठणं प्रोस्टेटमुळे असू शकतं, साखरेमुळे असू शकतं, त्या झोपेच्या विकारामुळेही असू शकतं किंवा झोपताना प्यायलेल्या पाण्यामुळे. यातलं काय ते ओळखण्यासाठीच तर तपासणी.

आणि डॉक्टरांना वडिलांबद्दल सांगा. विनोद न करता, पूर्ण वाक्यात. सख्ख्या नात्यातल्या पुरुषाला, म्हणजे वडिलांना किंवा भावाला, पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर ती गोष्ट गंभीरपणे धरतात, कारण तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त असतो. पण धोका म्हणजे तारीख नव्हे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, वजन, हालचाल, यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येतं. वडील दुसऱ्याच कशाने गेले असतील, अपघाताने किंवा संसर्गाने, तर त्या आकड्याचा तुमच्या शरीराशी काही संबंधच नसेल, आणि तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्याच मशीनचं वॉरंटी कार्ड खिशात घेऊन हिंडत असाल. म्हणून आधी घरात विचारा. आई असेल तर आईला, नाहीतर काका, आत्या, कुणालाही. बऱ्याच घरांत वडिलांचा मृत्यू हा 'अचानक गेले' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलेला असतो. ते गाठोडं सोडायला पन्नाशीच्या आतबाहेरचं वय अगदी योग्य आहे.

व्यायामाचं लांबण लावत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. बहुतेक पुरुष पहिला भाग कसाबसा करतात आणि दुसरा सोडून देतात, आणि नेमका दुसराच आपल्या वयाला जास्त लागतो. सुरुवात जिन्यापासून करा. तोच जिना, जो तुम्ही विनोदाने टाळलात.

विसरण्याबद्दलही थोडंसं, कारण त्याची काळजी तुम्ही ओझरती लिहून पुढे पळालात. ओळखीचं नाव जिभेच्या टोकावर येऊन अडणं वयाबरोबर वाढतं, ते बहुतेकांचं वाढतं. पण शब्दसंग्रह साठीपर्यंतही वाढत राहतो असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे शेजाऱ्याचं नाव आठवणार नाही, पण त्याचं वर्णन तुम्ही पूर्वीपेक्षा जास्त चांगलं कराल. तुमचं पत्रच त्याचा पुरावा आहे.

एक गोष्ट मात्र जपून सांगतो. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ६६० लोकांचा २३ वर्षांपर्यंत मागोवा घेतलेला एक अभ्यास २००२ साली आला. स्वतःच्या म्हातारं होण्याकडे जे बऱ्या नजरेने बघत होते, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. यावरून 'विनोद केला की आयुष्य घटतं' असं म्हणणं खुळेपणाचं होईल. सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. पण दिवसातून अकरा वेळा आपण जे वाक्य मोठ्याने म्हणतो, त्याच्या श्रोत्यांत आपणही बसलेले असतो, एवढं तरी धरायला हरकत नसावी.

वयाला हसून दाखवलेला माझा सगळ्यांत आवडता माणूस म्हणजे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन. जवळचं आणि लांबचं अशा दोन्ही भिंगांचा एकाच काचेतला चष्मा ते वापरत, आणि १७८५ साली, ७९ व्या वर्षी, मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचं कौतुक करतात. त्यांनी दिलेलं कारण फार मजेदार आहे. ते फ्रान्समध्ये होते. जेवताना एका भिंगातून ताटातलं दिसे आणि दुसऱ्यातून टेबलापलीकडच्या माणसांचे चेहरे. परकी भाषा कानांना नीट झेपली नाही, की बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरच्या हालचाली बघून अर्थ लागतो. म्हणून, ते लिहितात, चष्म्यामुळे मला फ्रेंच जास्त चांगलं कळतं. डोळे गेले, कानही पुरेसे नाहीत, आणि गडी त्या दोन्हींची जोडी लावून मजेत! याला 'म्हणून' जोडून बघा: 'डोळे अधू झाले, म्हणून समोरच्याचा चेहरा जास्त नीट बघतो.'

तुमची चाळिशी तुम्ही रिपोर्ट, बिलं आणि फोन वाचायला लावता. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर विनोद कराल, तेव्हा पाहुण्यांकडे न बघता टेबलापलीकडे, पत्नीच्या चेहऱ्याकडे बघा. ती हसली तर विनोद चांगला होता. बाकी परीक्षक मला तरी माहीत नाहीत.

मुलीला मोजणी चालू ठेवायला सांगा. आठवड्याचा आकडा फ्रिजवर लिहू दे. तपासणीचे निकाल आले की मला कळवा, आणि पत्नी पाण्यात हात-पाय मारायला लागली की तेही.

ता. क. तुम्ही पत्र वीसच्या फाँटात टाइप केलं होतं. कारण लिहिलं नाहीत, पण मनापासून आभार. पूर्ण पत्र मी चष्मा न शोधता वाचलं. तो माझ्या डोक्यावरच होता, हे नंतर कळलं.